भीती वाढली, महसूल का वाढला नाही?

पुण्याच्या क्विक हील टेक्नॉलॉजीज या कंपनीचा महसूल २०१४-१५ या आर्थिक वर्षात सुमारे २८६ कोटी रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे २७९ कोटी भरला. मधल्या दहा वर्षांत वॉनाक्राय या रॅन्समवेअरने देशोदेशीच्या कचेऱ्या आणि इस्पितळे ठप्प केली, पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये काढले गेले, दिल्लीच्या एम्सला कित्येक दिवस कागद-पेनावर कारभार करावा लागला आणि ‘सायबर’ हा शब्द गावच्या पोलीस पाटलाच्याही तोंडी रुळला. संगणक सुरक्षा विकणाऱ्याला याहून अनुकूल काळ कोणता असणार? तरी विक्रीचा आकडा होता तिथेच राहिला. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर २०२४-२५ चे २७९ कोटी म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे जेमतेम १७० कोटी.

या कंपनीच्या पुढच्या कमाईबद्दल गुंतवणूकदारांनी पहिल्या दिवसापासून शंका घेतली. ती अगदीच खोटी होती, असे म्हणायला वरच्या आकड्यांत जागा नाही. पण सगळ्या शंका सारख्या वजनाच्या नव्हत्या. काही खऱ्या ठरल्या, काही हवेत विरल्या, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर असलेली शंका तर फार थोड्यांनी बोलून दाखवली.

कंपनीची जन्मकथा मराठी वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत फ्लॉपीवरून शिरलेले व्हायरस असत आणि ते काढणारे छोटे प्रोग्रॅम संजय लिहून देई. त्यातून १९९३ च्या सुमारास कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली, १९९५ मध्ये ती प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि २००७ मध्ये तिने आपल्या उत्पादनाचेच नाव घेतले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने तिच्यात ६० कोटी रुपये घातले. यशोगाथा म्हणून हे सारे छान आहे, आणि वर्तमानपत्रांनी ते छापून छापून गुळगुळीतही केले आहे. शेअर बाजारात मात्र यशोगाथेला भाव नसतो, पुढच्या पाच वर्षांच्या कमाईला असतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचा आयपीओ आला. भाव ३२१ रुपये, एकूण विक्री सुमारे ४५१ कोटींची. त्यातले २५० कोटी नव्या शेअरांतून कंपनीच्या तिजोरीत जाणार होते, उरलेले जुन्या भागधारकांना. मागणी जवळजवळ अकरा पट आली. १८ फेब्रुवारीला शेअर बाजारात उतरला तो ३०५ च्या आसपास, म्हणजे पहिल्या सौद्यालाच घाट्यात, आणि संध्याकाळी बाजार बंद होताना विक्रीच्या भावापेक्षा वीस टक्क्यांहून खाली होता. त्या दिवसांत बाजाराची हवा एकूणच खराब होती, हे खरे. पण ३२१ हा भाव मार्च २०१५ ला संपलेल्या वर्षाच्या नफ्याच्या सुमारे ४० पट होता. एवढा भाव देणारा आजच्या नफ्याचे पैसे मोजत नाही, वाढीचे मोजतो. आणि वाढ कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर कंपनीने पैशांच्या वाटपातूनच दिले होते : नव्या भांडवलातले सुमारे १११ कोटी जाहिरात आणि विक्रीवाढीसाठी, संशोधनासाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी. तंत्रज्ञानाची कंपनी साबणाच्या कंपनीसारखे अंदाजपत्रक मांडते, तेव्हा तिचे गिऱ्हाईक कोण आहे ते कळते.

आयपीओच्या वेळी कंपनीची सक्रिय लायसन्स सत्तर लाखांहून अधिक होती. २८६ कोटींना सत्तर लाखांनी भागा. एका लायसन्समागे वर्षाला चारशे रुपये पडतात. काही लायसन्स तीन-तीन वर्षांची असतात, काही कार्यालयांची स्वस्त ठोक भावाची, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण या धंद्याची जात त्यातून दिसते. लाखो माणसांनी दरवर्षी आठवणीने चारशे रुपये काढून द्यायचे, त्यावर हा डोलारा.

ही माणसे कोण, ते पाहायला मुंबईच्या दलालपेढीत बसून भागत नाही. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ लागते. पवनी तालुक्यातले मोठे गाव, सगळा धानाचा मुलूख. अशा गावात क्विक हीलचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे ऑनलाइन कामे करणारा दुकानदार. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा, धानविक्रीची नोंदणी, सगळे त्याच्या एका संगणकावर. शिवाय एमएस-सीआयटीचे वर्ग, शाळेचे कार्यालय, पतसंस्था, एखादा फोटो स्टुडिओ. २०१० ते २०१५ या काळात या सर्वांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे पेनड्राइव्ह. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येई, त्यातली फाइल छापायची असे, आणि पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसत. फॉरमॅट मारायला माणूस भंडाऱ्याहून बोलवा, त्याला पैसे द्या, दोन दिवस दुकान बंद ठेवा. त्यापेक्षा अँटिव्हायरसचा डबा परवडे. मराठीत बोलणारा, दूरवरून संगणक हातात घेऊन व्हायरस काढून देणारा माणूस फोनवर मिळणे ही क्विक हीलची खरी ताकद होती. परदेशी कंपन्यांना हे जमले नाही.

मग दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही कंपनीच्या हाताबाहेरच्या होत्या.

पहिली मायक्रोसॉफ्टने केली. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच येऊ लागला, फुकट आणि न मागता. आरंभी तो कच्चा होता, जाणकार त्याची टर उडवत. २०१८ पर्यंत स्वतंत्र चाचण्यांत त्याला पूर्ण गुण मिळू लागले. त्यानंतर घरगुती गिऱ्हाइकाला ‘वेगळा का घ्यायचा’ हे समजावून सांगणे विक्रेत्याला जड जाऊ लागले. दुसरी गोष्ट सप्टेंबर २०१६ मध्ये, आयपीओनंतर अवघ्या सात महिन्यांनी, जिओने केली. इंटरनेट फोनवर गेले. अर्ज छापायला येणारा पेनड्राइव्ह आणेनासा झाला, पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवू लागला. आणि चोरही माणसांमागे फोनवर गेला. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल फिरते, ती उघडली की बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती जातात. किंवा व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. ज्या चोरीत माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, तिथे जुन्या अर्थाचा अँटिव्हायरस काय करणार? धानाचे चुकारे खात्यात पडण्याच्या दिवसांत अशा फोनांना ऊत येतो, आणि फसलेला माणूस बँकेत जातो, पोलिसांत जातो. सॉफ्टवेअरच्या दुकानात जात नाही.

धोका वाढला म्हणजे धंदा वाढेल, हे समीकरण इथे तुटले. गुंतवणूकदारांपैकी ज्यांनी किरकोळ विक्रीबद्दल शंका घेतली, ते बरोबर होते. कंपनीने २०२४ मध्ये फोनवरच्या फसवणुकीविरुद्ध ‘अँटीफ्रॉड डॉट एआय’ आणले, ते या बदललेल्या चोरीला उत्तर म्हणून. पण फोनवर सगळे फुकट मिळण्याची सवय लागलेल्या माणसाकडून वर्षाचे पैसे काढणे हे डबा विकण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरी शंका हिशेबाची होती आणि ती बारकाईने ताळेबंद वाचणाऱ्यांनी घेतली. कंपनी माल विकते डिस्ट्रिब्युटरला, तो देतो डीलरला, डीलर गिऱ्हाइकाला. डबा फडताळावर असेपर्यंत कोणाच्याही संगणकाचे रक्षण होत नसते. पण पुरवठासाखळीत माल ढकलला की तिमाही चांगली दिसते, आणि साठा तुंबला की पुढची तिमाही कोसळते. क्विक हीलच्या तिमाह्यांचा आलेख वर्षानुवर्षे दातेरी राहिला आहे. २०२१-२२ चा महसूल सुमारे ३४२ कोटी, पुढच्याच वर्षी २७८. नफा ८३ कोटींवरून ६ कोटींवर. एका वर्षात देशातले व्हायरस काही पाचव्या हिश्श्याने घटले नव्हते. एवढी घसरण झाली की वाचणाऱ्याला एकच प्रश्न पडतो : आधीच्या वर्षांची विक्री गिऱ्हाइकापर्यंत पोचली किती आणि वाटेत थांबली किती? टाळेबंदीच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, घराघरांत संगणक आले आणि नफा १०७ कोटींवर गेला. ती लाट होती. लाटेला सरासरी समजणाऱ्यांनी पुढे पैसे गमावले.

तिसरी शंका करखटल्याची. सीडीवर विकलेला अँटिव्हायरस ही वस्तू की सेवा, यावरून सेवाकर खात्याने सुमारे ५६ कोटींची मागणी केली होती. छोट्या कंपनीला ही रक्कम किरकोळ नव्हे, आणि काही वर्षे ती टांगती राहिली. ५ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही वस्तूची विक्री ठरवली, त्यावर सेवाकर लागत नाही, असा निकाल दिला. ही शंका संपली. मजा अशी, की न्यायालयात डबा ही ‘वस्तू’ ठरली तोवर तिचा बाजारच आटत आला होता.

आता त्या शंकेकडे येतो, जी मला सर्वांत गंभीर वाटते. आयपीओत कंपनीने बाजारातून नवे भांडवल घेतले २५० कोटी. त्यानंतर तिने तीनदा आपलेच शेअर परत विकत घेतले : २०१९ मध्ये २७५ रुपयांनी १७५ कोटींचे, २०२१ मध्ये २४५ रुपयांनी १५५ कोटींचे, २०२२ मध्ये ३०० रुपयांनी १५० कोटींचे. बेरीज ४८० कोटी. घेतले त्याच्या जवळजवळ दुप्पट परत दिले. लाभांश वेगळा.

बायबॅक जाहीर झाला की बाजार टाळ्या वाजवतो. भागधारकांचा पैसा भागधारकांना मिळतो, कंपनीवर कर्ज नाही, प्रवर्तक प्रामाणिक दिसतात. हे सगळे मान्य. कित्येक कंपन्या असा पैसा नातेवाइकांच्या जमिनींत घालतात, त्या मानाने काटकरांचा व्यवहार स्वच्छ म्हणावा लागेल. पण याच चार वर्षांत जगातली संगणक सुरक्षा डब्यातून बाहेर पडून क्लाउडवर, वार्षिक करारांवर आणि चोवीस तास पहारा देणाऱ्या सेवांवर गेली. उद्योगांसाठीचा सेक्राइट हा विभाग कंपनीने २०१५ मध्येच सुरू केला होता. त्याला माणसे, विक्रेते, परदेशातली कार्यालये लागणार, हे उघड होते. तेव्हा तिजोरीतून ४८० कोटी बाहेर गेले. यातून दोनच अर्थ निघतात. एक तर कंपनीला पैसा घालण्यासारखी जागा दिसत नव्हती, किंवा दिसत होती पण जोखीम घ्यायची नव्हती. पहिला अर्थ खरा असेल तर गुंतवणूकदारांची वाढीबद्दलची शंका खुद्द संचालक मंडळालाही होती. माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. कर्ज न काढता पै-पै जोडून मोठा झालेला मराठी उद्योजक नफा बुडवून वाढ विकत घेण्याच्या अमेरिकी रीतीला बिचकतो, आणि त्याला दोष देणे सोपे नाही. पण त्याची किंमत महसुलाच्या आकड्यात दिसते. २०२२ नंतर कंपनीने खर्च वाढवला, इन्फोसिसमधून आलेले विशाल साळवी यांना २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले. नफा मात्र २०२४-२५ मध्ये सुमारे ५ कोटींवर आला. म्हणजे आधी बचत केली आणि मग बाजार पुढे निघून गेल्यावर खर्च केला.

बाहेर याच पेचातून गेलेल्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःला मधोमध चिरून घेतले. सिमँटेकने २०१९ मध्ये उद्योगांचा धंदा ब्रॉडकॉमला सुमारे १०.७ अब्ज डॉलरना विकला आणि घरगुती नॉर्टन ठेवला. पुढे २०२२ मध्ये नॉर्टनने अवास्टला पोटात घेतले आणि त्या कंपनीचे नाव जेन डिजिटल झाले. मॅकॅफीनेही २०२१ मध्ये उद्योगविभाग ४ अब्ज डॉलरना वेगळा काढला. दोन्ही धंदे एका छपराखाली नांदत नाहीत, असा त्यांचा अनुभव. क्विक हील २८० कोटींत दोन्ही चालवू पाहते. दुसऱ्या टोकाला केवळ उद्योगांना सुरक्षा विकणारी क्राउडस्ट्राइक ही कंपनी आहे. १९ जुलै २०२४ ला तिच्या एका चुकीच्या अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, विमाने जमिनीवर राहिली. तरी जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात तिचा महसूल २९ टक्के वाढला आणि ९७ टक्के उत्पन्न टिकून राहिले. एवढी नाचक्की होऊनही गिऱ्हाईक हलले नाही, कारण कंपनीच्या सर्व यंत्रणेत मुरलेले सॉफ्टवेअर काढणे हे ठेवण्यापेक्षा महाग पडते. अड्याळच्या दुकानदाराला अँटिव्हायरस बदलायला दहा मिनिटे लागतात. महसुलाची खात्री या फरकात असते, उत्पादनाच्या गुणवत्तेत नसते.

मग भारतातल्या छोट्या उद्योगांकडून, बँकांकडून असा मुरलेला महसूल मिळेल का? आशेला जागा आहे. ऑगस्ट २०१८ च्या कॉसमॉस प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच ऑक्टोबरात नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पायऱ्या ठरवल्या. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवापुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार थांबले. खेड्यातल्या शाखेचा दोष काहीच नव्हता, तरी खातेदार यूपीआय चालेना म्हणून तिच्याच दारात उभा. सरकारी खरेदीत देशी सुरक्षा उत्पादनांना प्राधान्य देण्याचा आदेश २०१८ चा आहे.

पण या आशेला कुंपणेही आहेत. रिझर्व्ह बँकेचे नियम बँकांना लागतात, पतसंस्थांना नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत. गावोगावच्या ठेवी सांभाळणाऱ्या या संस्थांत संगणक सुरक्षा म्हणजे अजून लेखापरीक्षकाच्या यादीतली एक खूण आहे. नियम लागतो त्या बँकाही बहुधा आपली कोअर बँकिंग सेवा बाहेरून घेतात, मग सुरक्षाही त्याच ठेकेदाराच्या पॅकेजमधून येते. सरकारी निविदेत सर्वांत कमी बोलीला काम आणि पैसे सावकाश. देशी असल्याचा फायदा क्विक हीलला मिळतो, तसा चेन्नईच्या के-सेव्हन या अँटिव्हायरस कंपनीलाही.

बाजाराने या सगळ्याकडे कधी शांतपणे पाहिले नाही, हा भाग वेगळा. मार्च २०२० मध्ये शेअर शंभराच्या खाली होता, तेव्हा रोकड आणि नफा पाहता तो फुकटच म्हणायचा. २०२४ मध्ये तोच सहाशेच्या वर गेला, नफा २४ कोटींच्या पातळीवर असताना. देशातली डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटी ओलांडले. या नव्या मंडळींना ‘सायबर सुरक्षा’ हे दोन शब्द पुरेसे होते. एप्रिल २०२४ मध्ये टीएसी इन्फोसेक ही जेमतेम दहा-बारा कोटी महसुलाची कंपनी १०६ रुपयांना शेअर विकून २९० ला बाजारात उतरली, त्याच हवेत. क्विक हीलचा भाव पुढे २०२५ मध्ये निम्म्यावर आला. शंका जिथे घ्यायची तिथे लोक टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या वाजवायच्या तिथे पळत सुटले होते. तालुक्याच्या गावात बसून मोबाईलवर सौदे करणाऱ्या पोरांचे पैसे त्यात गेले.

तेव्हा आता पाहायचे काय? एकूण महसुलाचा आकडा फारसे काही सांगणार नाही. किरकोळ विक्री आटत असेल आणि सेक्राइट वाढत असेल तर बेरीज तशीच दिसेल. सेक्राइटच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी टिकले, त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त दिले की कमी, आणि सरकारकडची येणी किती महिन्यांची झाली, हे तीन आकडे विचारायला हवेत. विश्लेषकांच्या बैठकांत पहिला प्रश्न मात्र हमखास पुढच्या तिमाहीच्या वाढीचा असतो.

कंपनीच्या बाजूने आज सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा आहे. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. म्हणजे मे २०२७. आपल्याकडचा छोटा कारखानदार, दवाखाना किंवा शिक्षणसंस्था मुदतीच्या आधी वर्षभर खर्च करते, असा अनुभव जीएसटीतही नव्हता. त्या मुदतीच्या आधीच्या एखाद-दुसऱ्या तिमाहीवर बोट ठेवून ‘कायद्यामुळे मागणी आली’ असे सांगणारा अहवाल हाती आला, तर मी आधी डिस्ट्रिब्युटरकडचा साठा किती आहे ते विचारीन.